इंग्रजीतून फ्रेंच, नागपुरात: पहिल्या पातळीच्या संचाचं परीक्षण

नागपुरात फ्रेंचची पहिली पातळी, म्हणजे ए-वन, शिकवणाऱ्या खासगी बॅचमध्ये जो संच हातात पडतो, त्याचं हे परीक्षण. संचात तीन वस्तू आहेत: स्पायरल बाइंडिंगची पुस्तिका, शब्दांच्या पत्त्यांचा गठ्ठा आणि मोबाइलवर पाठवल्या जाणाऱ्या ऑडिओ फाइली. बॅचचं नाव देत नाही. प्रश्न एका बॅचचा नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी बेतलेलं साहित्य मराठी विद्यार्थ्यापुढे जसंच्या तसं ठेवलं की काय होतं, हे पाहायचं आहे. आधीच सांगून टाकायचं तर शब्द चांगले निवडलेत, ऑडिओ कामचलाऊ आहे आणि ‘माझा-तुझा-त्याचा’ हा धडा उलट्या टोकाकडून शिकवलाय. त्या धड्यापुरतं पुस्तिका मिटून मराठीत शिकवलं, तर बाकीच्या संचाचे पैसे वसूल होतात.

नागपूर आणि फ्रेंच हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. मिहान या इथल्या औद्योगिक क्षेत्रात दासो या फ्रेंच विमान कंपनीच्या रिलायन्सबरोबरच्या कारखान्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. मेट्रोला एएफडी या फ्रेंच विकास संस्थेने १३ कोटी युरोंचं कर्ज दिलंय. तरी बॅचमध्ये बसणारे बहुतेक जण दोनच कारणांनी येतात: मुलांची शाळेतली भाषा, नाहीतर कॅनडा. कॅनडावाल्यांनी एक गोष्ट फी भरण्याआधीच लक्षात घ्यावी. एक्स्प्रेस एन्ट्रीच्या, म्हणजे स्थायिक होण्यासाठीच्या अर्जाच्या, गुणांसाठी तिथे फ्रेंचच्या टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा याच परीक्षा चालतात, डेल्फ या फ्रेंच सरकारच्या भाषापरीक्षेचं प्रमाणपत्र चालत नाही. शिवाय फ्रेंचचे जादा गुण मिळायला जी पातळी लागते ती साधारण बी-टूच्या, म्हणजे ए-वनच्या तीन पायऱ्या वरच्या पातळीच्या, आसपासची. ए-वन ही तिची पहिली पायरी. कुणी ‘तीन महिन्यांत कॅनडाचे गुण’ म्हणत असेल, तर त्याच्याकडून चौकशीचा कागद घ्या आणि घरी या.

आता मुख्य धड्याकडे. फ्रेंचमध्ये मालकी दाखवणारी पंधरा रूपं लिहायची असतात. मों, मा, मे म्हणजे माझा-माझी-माझे. तों, ता, ते म्हणजे तुझा वगैरे. सों, सा, से म्हणजे त्याचा किंवा तिचा वगैरे. पुढे नोत्र-नो (आमचा-आमचे), वोत्र-वो (तुमचा-तुमचे) आणि लर-लर (त्यांचा-त्यांचे). शेवटच्या जोडीत अनेकवचनाला फक्त एक मूक ‘एस’ लागतो, सुटं बोललं तर कानाला फरक कळत नाही. म्हणजे लिहायची पंधरा, ऐकू येणारी चौदा.

पुस्तिका याचा तक्ता देते आणि तक्ता बरोबर आहे. घोळ त्याच्या मांडणीत आहे. डावीकडच्या रकान्यात इंग्रजीतले ‘हिज / हर’ आणि त्यांच्यासमोर ‘सों / सा’. वाचणाऱ्याचा डोळा आपोआप जोड्या लावतो: हिज म्हणजे सों, हर म्हणजे सा. नेमकी हीच चूक इंग्रजी बोलणारे वर्षानुवर्षं करतात, कारण इंग्रजीत ‘हिज’ की ‘हर’ हे मालक बघून ठरतं. फ्रेंच मालकाकडे ढुंकूनही बघत नाही, वस्तूचं लिंग बघते. प्रकाशची आई ‘सा मेर’ आणि प्रतिभाची आईही ‘सा मेर’. प्रकाशचा फोन ‘सों तेलेफोन’ आणि प्रतिभाचाही ‘सों तेलेफोन’.

मराठी माणसाला हे समजावताना इंग्रजीची मुळीच गरज नाही. ‘त्याची आई’ या दोन शब्दांत आपण दोन्ही गोष्टी सांगतो. ‘त्या-’मध्ये मालक पुरुष आहे हे येतं, ‘-ची’मध्ये पुढचा शब्द स्त्रीलिंगी आहे हे येतं. इंग्रजी पहिली अर्धी माहिती ठेवते, फ्रेंच दुसरी अर्धी. म्हणून मराठी विद्यार्थ्याने नवीन काही शिकायचं नसतं, ‘त्या/ति’ हा भाग सोडून द्यायचा असतो आणि ‘चा/ची’वर नजर ठेवायची असते. ‘तिचा भाऊ’मधला ‘चा’ पकडा: सों फ्रेर. ‘त्याची बहीण’मधली ‘ची’ पकडा: सा सर. शिक्षकाने फळ्यावर दहा मिनिटं एवढंच केलं, तर पुस्तिकेतली अडीच पानं वाचायची गरज उरत नाही. आणि कुणाची आई हा घोळ खरोखरच होत असेल, तर फ्रेंचमध्ये मागे शेपूट जोडतात: ‘सा मेर आ लुई’ म्हणजे त्याची, ‘सा मेर आ एल’ म्हणजे तिची. पुस्तिकेत हे नाही. असायला हवं होतं, कारण पहिला हुशार विद्यार्थी पाचव्या मिनिटाला हाच प्रश्न विचारतो.

बॅच कशी शिकवते हे तपासायचं असेल, तर डेमो लेक्चरनंतर चार शब्दजोड्या विचारून बघा: त्याची आई, तिचे वडील, त्याची किल्ली, तिचा फोन. उत्तरं अशी यायला हवीत: सा मेर, सों पेर, सा क्ले, सों तेलेफोन. ‘त्याची आई’ला ‘सों मेर’ असं उत्तर आलं, तर समजायचं की शिकवणं इंग्रजीच्या वाटेने चाललंय.

मराठीची वाट मात्र पार शेवटपर्यंत पोचत नाही. ‘माझी’ आणि ‘मा’, ‘माझे’ आणि ‘मे’ कानाला जुळतात, म्हणून मुलं एकास एक जोड्या बांधतात. पहिला फटका ‘माझे वडील’ला बसतो. मराठीत ते आदरार्थी बहुवचन आहे, फ्रेंचमध्ये वडील एकच असतात. ‘माझे वडील डॉक्टर आहेत’चं ‘मे पेर सों...’ केलं की ऐकणाऱ्याला ‘माझे अनेक बाप’ असं काहीतरी ऐकू येतं. बरोबर वाक्य ‘मों पेर ए मेद्सँ’. एकवचन, आणि व्यवसायाच्या आधी ‘एक’ही लावायचं नाही. दुसरा फटका ‘त्यांचं’ला. ‘सरांनी त्यांची गाडी लावली’ यातल्या ‘त्यांची’ला मुलं ‘लर’ लावतात. सर एकच आहेत, म्हणून ‘सा व्वात्यूर’. ‘लर’ तेव्हाच लावायचा जेव्हा मालक खरोखर दोन किंवा जास्त असतात. तिसरा फटका ‘माझी पुस्तकं’ला. ही ‘माझी’ नपुंसकलिंगी बहुवचनाची आहे, म्हणून ‘मे लीव्र’. ‘मा’ म्हटलं की गेलं.

चौथी अडचण सगळ्यात चिवट. रोजच्या बोलण्यात आपण ‘माझा-माझी’पेक्षा ‘माझ्या’ जास्त वापरतो: माझ्या भावाला, माझ्या बहिणीकडे, माझ्या मुलांचं. विभक्ती लागली की लिंग लपतं, आणि लिंग लपलं की ‘मों की मा’ कशावरून ठरवायचं ते कळत नाही. यावर एकच इलाज: बोलण्याआधी शब्द सरळरूपात आणायचा. ‘माझ्या बहिणीबरोबर’ म्हणण्याआधी मनात ‘माझी बहीण’ म्हणायचं, म्हणजे ‘आव्हेक मा सर’ आपोआप येतं. हा सराव लेखी न करता तोंडी करावा. वीस वाक्यं झपझप विचारली की सवय लागते, वहीत लिहिताना विद्यार्थी विचार करायला थांबतो आणि सवय लागत नाही.

‘आमचा’ आणि ‘आपला’ हा भेद मात्र फ्रेंचमध्ये नाही, दोन्हींना ‘नोत्र’. ‘तुमचा’ आदराचा असो की अनेकांचा, ‘वोत्र’. इथे मराठी माणसाला सुटसुटीत वाटतं आणि खरंच सुटसुटीत आहे.

आता संत्र्याचं बघू, कारण नागपुरात हे उदाहरण सोडून दुसरं घेणं बरं दिसणार नाही. फ्रेंचमध्ये संत्रं स्त्रीलिंगी: ‘यून ओरांज’, एक संत्रं. मग ‘माझं संत्रं’ हे ‘मा ओरांज’ व्हायला हवं. होत नाही. स्वराने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दाआधी ‘मा, ता, सा’ चालत नाहीत, तिथे ‘मों, तों, सों’ येतात आणि त्यांचा दबलेला ‘न’ पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो: मोनोरांज. संत्रं त्यामुळे पुल्लिंगी होत नाही. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ही सोय आहे. पुस्तिका एवढं सांगते आणि थांबते. नियम पुढचं नाम बघून ठरत नाही, लगेच पुढे येणारा शब्द बघून ठरतो, हे ती सांगत नाही. मध्ये व्यंजनाने सुरू होणारं विशेषण आलं की ‘मा’ परत येतो: ‘मा ग्रोस ओरांज’, माझं मोठं संत्रं. तसंच ‘मोनामी’, माझी मैत्रीण, पण ‘मा मेय्यर आमी’, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. लेखी परीक्षेत गुण इथेच जातात. ‘एच’ने सुरू होणारे काही शब्द या नियमात येतात आणि काही येत नाहीत. इतिहास किंवा गोष्ट ‘मोनिस्त्वार’, पण कुऱ्हाड ‘मा आश’. पहिल्या पातळीवर कुऱ्हाड कुणी विचारत नाही, तेवढ्यासाठी पान खर्च करायचं कारण नव्हतं. पुस्तिकेने केलंय.

स्वराने सुरू होणारे आणि रोज लागणारे स्त्रीलिंगी शब्द मोजके आहेत: शाळा (एकोल), मैत्रीण (आमी), पत्ता (आद्रेस), कल्पना (इदे), ताटली (आसियेत), गोष्ट (इस्त्वार). सहा पत्ते वेगळे काढून रबर लावून ठेवा. रोज फक्त ‘मोन-, तोन-, सोन-’ लावून मोठ्याने म्हणा. आठवड्यात विषय संपतो.

पत्त्यांच्या गठ्ठ्याबद्दल. शब्दांची निवड खरंच चांगली आहे: घर, स्वयंपाकघर, शरीर, कपडे, रस्ता, हवामान. जाहिरातीच्या फोटोसारखे आयफेल टॉवर आणि क्रोसाँ घुसडलेले नाहीत. पण प्रत्येक नाम ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) हे इंग्रजीतल्या ‘दि’सारखं उपपद लावून छापलंय, आणि इथे मोठी चूक आहे. शब्द स्वराने सुरू झाला की ‘ल’ आणि ‘ला’ दोन्हींचं नुसतं ‘ल्’ होतं: लो (पाणी), लेकोल (शाळा), लोरांज (संत्रं), लामी (मित्र). पाठ केलेल्या शब्दाचं लिंग त्यातच गडप होतं. मग ‘मों’ लावायचा की ‘मा’, हे कळणार कसं? त्याऐवजी ‘अँ’ आणि ‘यून’, म्हणजे ‘एक’ची पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूपं, लावून पाठ करावं: अँनामी, यूनामी, यून ओरांज, यून एकोल. लिंग कायम ऐकू येतं. गठ्ठा घेतलाच असेल, तर एका बैठकीत तो दुरुस्त करता येतो. छापलेला ‘ल/ला’ खोडायचा. पुल्लिंगी शब्दांवर निळ्या पेनाने ‘अँ’, स्त्रीलिंगींवर लाल पेनाने ‘यून’. खाली दुसऱ्या ओळीत ‘मों’ किंवा ‘मा’ आणि तिसऱ्या ओळीत ‘मे’ घालून पूर्ण जोडी. सगळा गठ्ठा करू नका, घरातले चाळीस शब्द पुरेत. उरलेल्यांची गती नंतर आपोआप येते.

लिंगाबाबत मराठीवर विसंबू नये. गाडी, खुर्ची, खिडकी, किल्ली दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहेत, म्हणून सुरुवातीला हुरूप येतो. मग साखर पुल्लिंगी निघते, कॉफी पुल्लिंगी निघते, आणि आपले नपुंसकलिंगी शब्द तर दोन्ही बाजूंना पांगतात: पुस्तक आणि दूध पुल्लिंगी, घर, घड्याळ आणि पाणी स्त्रीलिंगी. पुस्तिका यावर एक सोपा नियम देते: लेखनात शेवटी मूक ‘ई’ असेल तर स्त्रीलिंगी. हा नियम देणाऱ्याने आपलंच पहिलं पान वाचलेलं नाही. पुस्तक (लीव्र), वडील (पेर), भाऊ (फ्रेर), पेला (व्हेर), या सगळ्यांच्या शेवटी तोच मूक ‘ई’ आहे आणि सगळे पुल्लिंगी. भरवशाचे शेवट वेगळे आहेत: ‘-सियों’ने संपणारे, म्हणजे इंग्रजीत ‘-शन’ होतं ते शब्द, स्त्रीलिंगी. ‘-एत’ने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी. ‘-आज’ने संपणारे बहुतेक पुल्लिंगी, फक्त पान (पाज), चित्र (इमाज) आणि समुद्रकिनारा (प्लाज) हे तीन लक्षात ठेवायचे, ते स्त्रीलिंगी आहेत.

नात्यांचा धडा या संचातला सगळ्यात वाया घालवलेला धडा. पुस्तिकेत एक वंशवृक्ष आहे: आई, वडील, भाऊ, बहीण, ओंक्ल, तांत (मावशी किंवा आत्या), संपलं. इंग्रजीवाल्याला तेवढं पुरतं, आपल्याला नाही, आणि आपल्याला पुरत नाही यातच सरावाची खाण आहे. फ्रेंचमध्ये मामा आणि काका दोघेही ‘ओंक्ल’. फरक सांगायचा तर ‘ल फ्रेर द मा मेर’ आणि ‘ल फ्रेर द मों पेर’ म्हणावं लागतं. मावशी ‘ला सर द मा मेर’, आत्या ‘ला सर द मों पेर’, भाचा ‘ल फिस द मा सर’, पुतणी ‘ला फीय द मों फ्रेर’, मामेबहीण ‘ला फीय द मोनोंक्ल’. एका घरातल्या नात्यांमध्ये ‘मों-मा’चे सगळे प्रकार येतात, वर ‘द’ने जोडायची रचनाही येते. तिथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही घात करतात. ‘सुनीलची गाडी’ म्हणताना आपण मालक आधी बोलतो, फ्रेंच वस्तू आधी बोलते: ‘ला व्वात्यूर द सुनील’. ‘द’ला पुढे ‘ल’ भेटला की ‘द्यू’ होतं, अनेकवचनी ‘ले’ भेटला की ‘दे’. पण ‘मों-मा-मे’ भेटले की काहीच होत नाही. नवशिक्या ‘द्यू मों पेर’ म्हणतो. ‘मों’ आला की ‘ल’ची गरजच संपते, म्हणून ‘द मों पेर’.

सासरची नाती तर आणखी गमतीची. वहिनी, नणंद, मेहुणी, सगळ्या ‘बेल-सर’. सासरे आणि सावत्र वडील दोघेही ‘बो-पेर’. पत्त्यावर ‘बो-पेर’समोर फक्त ‘सासरे’ छापलंय, दुसरा अर्थ हाताने लिहून घ्या. आणि ‘फाम’ म्हणजे बाई, पण ‘मा फाम’ म्हणजे माझी बायको. ‘फीय’ म्हणजे मुलगी, पण ‘मा फीय’ म्हणजे माझी लेक. ‘कोपीन’ला पुस्तिका नुसतं ‘मैत्रीण’ म्हणते. ‘यून कोपीन’ असेल तोवर ठीक आहे, ‘मा कोपीन’ म्हटलं की बहुतेक वेळा प्रेयसीच समजतात. तोंडी परीक्षेत ‘मोनामी’ वापरलेलं बरं.

शरीराच्या धड्यात इंग्रजीवाल्यांना जे अवघड जातं ते आपल्याला फुकट मिळतं. इंग्रजी म्हणते ‘माझं डोकं’, ‘माझे हात’. फ्रेंच आणि मराठी दोघींना याची गरज वाटत नाही. आपण नुसतं ‘डोकं दुखतंय’ म्हणतो, ते म्हणतात ‘जे माल आ ला तेत’. आपण ‘हात धुतो’ म्हणतो, ते ‘ज म लाव ले मँ’. कुठेच ‘मे मँ’ नाही. पुस्तिका यावर दीड पान समजावते आणि समजावता समजावता मराठी विद्यार्थ्याच्या डोक्यात नसलेली शंका घालते. ते पान उलटून पुढे जा.

उलट, एका ठिकाणी इंग्रजीचा आधार खरंच उपयोगी पडतो. ‘माझं पुस्तक’ आणि ‘हे पुस्तक माझं आहे’, मराठीत दोन्हीकडे एकच ‘माझं’. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत आणि फ्रेंचमध्येही. म्हणून मराठी मुलं ‘स लीव्र ए मों’ म्हणतात, इंग्रजीवाला असं कधी म्हणत नाही. ‘मों’ला एकटं सोडता येत नाही, त्याच्यापुढे नाम लागतंच. बरोबर वाक्य: ‘स लीव्र ए आ म्वा’, हे पुस्तक माझं आहे. पहिल्या पातळीला एवढं पुरे. पुस्तिकेने नवव्या धड्यात ‘ल मियँ, ला मियेन’ वगैरेंचा आणखी एक मोठा तक्ता कोंबलाय, तो पहिल्या पातळीचा भागच नाही. मुलं तो पाठ करतात आणि ‘मों’सुद्धा विसरतात. नववा धडा स्टेपल करून बंद करावा.

ऑडिओ फाइलींचा आवाज स्वच्छ आहे, बोलणारी फ्रेंच आहे, वेग मुद्दाम संथ ठेवलाय. त्या संथपणातच दोष आहे. प्रत्येक शब्द सुटा बोललाय, त्यामुळे जोड ऐकूच येत नाही. ‘मे’ आणि ‘आमी’ वेगळे ऐकलेल्या माणसाला खऱ्या बोलण्यातला ‘मेझामी’ (माझे मित्र) हा एकच अनोळखी शब्द वाटतो. ‘लर’चं अनेकवचन कानाला फक्त याच जोडात कळतं: ‘लरांफां’ म्हणजे त्यांचं मूल, ‘लरझांफां’ म्हणजे त्यांची मुलं. देवनागरीत हे जोड जसे ऐकू येतात तसे लिहिता येतात, इंग्रजी अक्षरांत कधीच नाही. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे वहीत देवनागरी चालू द्यावी. त्यानंतर मात्र बंद, कारण ‘से’ असं देवनागरीत लिहिलं की तो ‘त्याचे’ आहे, ‘हे’ आहे की ‘हे आहे’ आहे, हे दिसत नाही. तिन्हींचा उच्चार जवळपास सारखा, स्पेलिंग वेगळं, आणि श्रुतलेखनात नेमकं तेच विचारतात.

‘मों’चा उच्चार ‘मॉन’ करू नका. जीभ टाळूला लागली की चुकलं, हवा नाकातून गेली पाहिजे. नागपूरकराला हे सोपं आहे, दिवसभर कानावर हिंदी पडतं. ‘हाँ’, ‘यहाँ’, ‘कहाँ’ म्हणताना शेवटी जे होतं तेच इथे करायचं. ‘तू’साठीचा फ्रेंच शब्द ‘त्यू’ असा लिहितो खरा, पण त्यात ‘य’ नाही. ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून आतून ‘ई’ म्हणा. आरशासमोर केलं तर पटकन जमतं. आणखी एक हलकी गोष्ट: ‘जेवतो’ आणि ‘जेवून राहिलो’ या दोन्हींना फ्रेंचमध्ये एकच ‘ज मांज’ पुरतो, तेव्हा ‘करून राहिलो’चा अनुवाद शोधत बसू नका.

इंग्रजीशी जुळणाऱ्या शब्दांची यादी पुस्तिकेत मोठ्या दिमाखात येते: टेबल, ऑरेंज, नेशन, सगळं ‘आधीच येतं’. डोळ्याला येतं, कानाला नाही. ताब्ल, ओरांज, नासियों ऐकल्यावर पहिल्या महिन्यात कुणी ओळखत नाही. आणि फसवे शब्द यादीत नाहीतच. ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, वाचनालय ‘बिब्लियोतेक’. ‘मोने’ म्हणजे चिल्लर. ‘पँ’चं स्पेलिंग इंग्रजीतल्या वेदनेचं, अर्थ पाव. ‘मँ’चं स्पेलिंग इंग्रजीतल्या ‘मुख्य’चं, अर्थ हात. फॉर्म भरताना ‘नों’ म्हणजे आडनाव आणि ‘प्रेनों’ म्हणजे आपलं नाव. इंग्रजीवरून ‘नों’ला ‘नेम’ समजलं की दोन्ही रकाने उलटे भरले जातात.

आकड्यांच्या धड्यात तक्रारीला जागा नाही. ६९ पर्यंत सरळ, ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९० म्हणजे चार-वीस-दहा. एकोणऐंशी पाठ केलेल्या माणसाला साठ-एकोणीसचं काय कौतुक! ७१ मध्ये ‘आणि’ येतो, ८१ मध्ये येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

हा संच डेल्फ ए-वनसाठी म्हणून विकला जातो, तर त्या मापानेही तोलायला हवा. परीक्षा १०० गुणांची, चार भाग, प्रत्येकी २५. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. लेखीत एक फॉर्म (१० गुण) आणि किमान ४० शब्दांचा छोटा मजकूर (१५ गुण). फॉर्मचा सराव पुस्तिकेत चांगला आहे, मजकुराचे नमुने पुरेसे आहेत. तोंडीची तयारी तोकडी. तोंडीत एका भागात चिठ्ठ्यांवरचे शब्द उचलून परीक्षकाला प्रश्न विचारायचे असतात. ‘कुटुंब’, ‘सुट्टी’, ‘घर’ अशी चिठ्ठी येते. परीक्षकाला ‘तू’ म्हणत नाहीत, म्हणजे इथे ‘तों-ता-ते’ नाही, ‘वोत्र-वो’ लागतात: ‘वोत्र फ्रेर, इल आबीत ऊ?’, तुमचा भाऊ कुठे राहतो? पुस्तिकेतले झाडून सगळे सराव ‘मों’ आणि ‘तों’चे आहेत, कारण त्यात दोन मित्र गप्पा मारतात. ‘वो’ ऐकलेलाच नसल्याने परीक्षार्थी ऐनवेळी ‘तों फ्रेर’ म्हणतो आणि स्वतःच गोंधळून थांबतो.

वीस चिठ्ठ्या घरी करा. प्रत्येकीवर एक नाम, निम्मी एकवचनी, निम्मी अनेकवचनी. घरातल्या कुणाला तरी परीक्षक म्हणून बसवा आणि प्रत्येक चिठ्ठीवर ‘वोत्र’ किंवा ‘वो’ घालून एक प्रश्न विचारा. समोरच्याला फ्रेंच यायची गरज नाही, त्याने फक्त चिठ्ठी पुढे सरकवायची. ‘वोत्र’ला लिंग नाही, म्हणून मों-मा अजून डळमळीत असलेल्यालाही हा भाग जमतो. स्वराने सुरू होणारी अनेकवचनी नामं, ‘वोझामी’, ‘वोझांफां’, निदान पाच चिठ्ठ्यांवर असू द्या. तो ‘झ’ तोंडातून सहज येईपर्यंत त्या पाच पुन्हा पुन्हा गठ्ठ्यात मिसळत राहा.